तुटक वेळेतली रेघ

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, भारतात घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जात होती, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे. मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्या देखभालीसाठी हेच आकडे अनुक्रमे १३४ आणि ७६ मिनिटे असे होते. आकडे बोलके आहेत, पण लहान मुलांच्या आईच्या दिवसाचे एक लक्षण त्यांत उमटत नाही, ते म्हणजे उरलेल्या वेळेचा तुटकपणा. कुकरची तिसरी शिटी होईपर्यंतची काही मिनिटे, शाळेची रिक्षा येईपर्यंत फाटकापाशी काढलेला वेळ, आणि बाळ झोपले असले तरी ते केव्हा उठेल याचा भरवसा नसलेली दुपार, असे हे तुकडे असतात. त्यांची बेरीज दिवसाअखेर तासाभराचीही भरेल, पण तो तास सलग कधीच हाती लागत नाही. ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हा मासिकांतून आणि आप्तेष्टांकडून मिळणारा सल्ला बहुधा इथेच फसतो, कारण व्यायामशाळा, ध्यानवर्ग, सहल किंवा निवांत वाचन या सगळ्यांना न तुटणारा वेळ लागतो, आणि नेमका तोच तिच्याकडे नसतो.

साधे, लक्षपूर्वक केलेले रेखाटन या अडचणीतून वाट काढू शकते, कारण ते कोणत्याही रेघेवर थांबवता येते आणि थांबवले तिथून पुन्हा उचलता येते. मात्र कोणतेही रेखाटन या कामाला येत नाही. कोऱ्या कागदासमोर बसून ‘मनात येईल ते काढा’ असे सांगणारा प्रकार वरवर मोकळा वाटतो, पण दमलेल्या माणसाला तो फारसा उपयोगी पडत नाही, असे मानण्यास आधार आहे.

प्रथम ‘सजग रेखाटन’ म्हणजे काय ते पाहू. सजगता म्हणजे चालू क्षणी जे घडत आहे त्याकडे, त्याचे बरेवाईट न ठरवता, जाणीवपूर्वक लक्ष देणे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यातून बौद्ध ध्यानपरंपरेतील हा अभ्यास धार्मिक चौकटीबाहेर रुग्णालयांत पोहोचला. मराठी वाचकाला त्याच परंपरेचा परिचय इगतपुरीच्या धम्मगिरीमुळे आहे. तिथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात, पण दहा दिवस मौन पाळून घराबाहेर राहणे तान्ह्या बाळाच्या आईच्या आवाक्यातले नाही, हे सांगण्याचीही गरज नाही. ध्यानात लक्ष टेकवण्यासाठी श्वासाचा आधार घेतात, तर सजग रेखाटनात तोच आधार रेघेचा असतो: पेन्सिलीचे टोक आणि कागद यांच्या स्पर्शाकडे, रेघेच्या वेगाकडे आणि डोळ्यांपुढच्या वस्तूकडे लक्ष ठेवायचे, मन भरकटले की ते पुन्हा रेघेवर आणायचे. श्वासापेक्षा रेघेची एक सोय अशी की ती मागे उरते. दाराची घंटा वाजल्यामुळे ध्यान मोडले तर ते पहिल्यापासून सुरू करावे लागते. रेघ मात्र सोडली तिथेच असते.

आता आधाराकडे वळू. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील नॉक्स कॉलेजमध्ये नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी ८४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या मनात प्रथम मुद्दाम थोडी चिंता निर्माण करण्यात आली आणि मग त्यांचे तीन गट पाडून एका गटाला मंडल, म्हणजे वर्तुळाकार सममित आकृती, दुसऱ्याला चौकड्यांची नक्षी आणि तिसऱ्याला कोरा कागद रंगवायला देण्यात आला. मंडल आणि चौकडी रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदावर रंगकाम करणाऱ्यांपेक्षा अधिक उतरली. पुढे इतर संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा मंडल चौकडीपेक्षाही सरस ठरले. तथापि या विषयासाठी महत्त्वाचा निष्कर्ष कोऱ्या कागदाचा आहे. ‘काय काढू, कुठून सुरुवात करू, बरे दिसेल का’ हे प्रश्न कोरा कागद आपल्यासोबत आणतो, आणि भाजी कोणती करायची इथपासून लसीकरणाच्या तारखेपर्यंतचे निर्णय दिवसभर घेत आलेल्या बाईला आणखी एक निर्णय घ्यायला लावणे ही विश्रांती नव्हे. ठरलेली आकृती हा भार उचलते आणि हाताला तरीही काम देते.

दुसरा आधार जेनिफर ड्रेक आणि एलन विनर यांच्या प्रयोगांचा आहे. दुःखद चित्रपट पाहिलेल्या व्यक्तींपैकी काहींना त्यांनी मनातील भावना कागदावर उतरवायला सांगितले आणि काहींना भावनेशी संबंध नसलेले काही तरी काढायला सांगितले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दुसऱ्या गटाची मनःस्थिती अधिक सुधारलेली आढळली. ‘मनातले कागदावर ओता, म्हणजे हलके वाटेल’ ही समजूत लोकप्रिय असली, तरी निदान थोड्या वेळेच्या आरामासाठी लक्ष दुसरीकडे वळणे जास्त गुणकारी ठरते, असा याचा अर्थ होतो. कलोपचारतज्ज्ञाच्या, म्हणजे चित्रांच्या साहाय्याने मानसोपचार करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीच्या, सोबतीने भावना चितारणे ही वेगळी प्रक्रिया आहे आणि तिचे प्रयोजनही वेगळे आहे. एकटीने, पोळ्या आणि गृहपाठ यांच्या मधल्या फटीत करायची ती गोष्ट नव्हे.

फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो. त्यात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे चित्र, कोलाज किंवा मातीकाम केले, आणि त्यांच्यापैकी सुमारे ७५ टक्क्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉलचे, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकाचे, प्रमाण घटले. पूर्वी चित्रकला शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. वृत्तपत्रांनी या अभ्यासाचे जेवढे कौतुक केले तेवढे तो पेलू शकत नाही, कारण तुलनेसाठी चित्र न काढणारा गट त्यात नव्हता, आणि नुसते ४५ मिनिटे शांत बसूनही काही जणांचे कॉर्टिसॉल उतरले असते. तरीही ‘ज्याला चित्र येते त्यालाच त्याचा लाभ’ या समजुतीला त्यातून धक्का बसतो.

ठरलेल्या आकृतीचा सर्वांत परिचित नमुना महाराष्ट्राच्या अंगणातच आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत प्रथम ठिपक्यांची चौकट तयार होते आणि मग ठिपके जोडत किंवा त्यांना वळसे घालत आकृती उभी राहते. ‘सात ते चार, मधले ठिपके’ ही परिभाषा रांगोळीच्या वह्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मधल्या ओळीत सात ठिपके, तिच्या वर आणि खाली दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेवर एकेक येईल अशा बेताने सहा, मग पाच, मग चार, असे एकूण ३७ ठिपके पडतात आणि बाहेरची आकृती षटकोनी होते. अंगणात ठिपके समान अंतरावर पडावेत म्हणून अनेक घरांत जाड कागदाला पेटत्या उदबत्तीने ओळीने भोके पाडून ठेवलेली असत. कागद जमिनीवर ठेवायचा, त्यावरून रांगोळीचा हात फिरवायचा आणि अलगद उचलायचा. कागदावर हेच काम पेन्सिलीने करता येते आणि चौकटींच्या वहीत तर मापाचीही चिंता उरत नाही. ठिपक्यांची मांडणी झाली की पुढचे सगळे तिच्याकडूनच कळते: कोणती पाकळी काढायची राहिली, कोणता वळसा अपुरा आहे, हे लक्षात ठेवावे लागत नाही, ते दिसते. बाळाच्या रडण्याने उठावे लागले आणि वही संध्याकाळीच पुन्हा हाती आली, तरी काम खोळंबत नाही. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, अंगणात काढले जाणारे चैत्रांगण तर आणखी एक पाऊल पुढे जाते. सूर्य, चंद्र, तुळस, कासव, झोपाळा, गौरीची पावले ही ठरलेली चिन्हे महिनाभर रोज काढायची असल्याने ‘आज काय काढू’ हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि तेच कासव वीस-पंचवीस दिवस काढल्यावर बोटांना त्याच्या पाठीचा बाक असा सवयीचा होतो की लक्ष आकृतीवरून सुटून चिमटीतून पडणाऱ्या धारेवर स्थिरावते.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. रांगोळी ही आपल्या आजींची ध्यानधारणाच होती, असे हल्ली हौसेने सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. पहाटे सडा घालून रांगोळी काढणे हे पुष्कळ सुनांसाठी काम होते, तिच्या ठिपक्यांची सरळ रेषा सासू आणि शेजारीण तपासत असत, आणि ती चुकली तर बोल लागत असे. विसावा देण्याची शक्ती आकृतीत असली, तरी आकृती काढणारीच्या माथी मारलेली नसेल तेव्हाच ती शक्ती फळते. म्हणून रांगोळीची रचना घ्यावी आणि तिच्यामागची परीक्षा सोडून द्यावी, हे बरे.

रेखाटनाचा दुसरा उपयुक्त प्रकार पाहण्याचा आहे. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणारे किमॉन निकोलाइडीस यांनी विद्यार्थ्यांना बाह्यरेषा रेखाटनाचा एक सराव दिला होता. त्यांच्या निधनानंतर १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे तो जगभर पसरला. यात नजर फक्त वस्तूवर ठेवायची, कागदाकडे पाहायचे नाही, आणि पेन्सिलीचे टोक जणू त्या वस्तूच्या कडेलाच टेकले आहे असे मानून डोळा आणि हात एकाच गतीने, मुंगीच्या पावलांनी, सरकू द्यायचे. स्वयंपाकघरात यासाठी आल्याच्या तुकड्याइतकी चांगली वस्तू नाही. त्याच्या प्रत्येक फुगवट्यावर आडवी वलये असतात, मोडलेल्या टोकाशी धागे बाहेर आलेले असतात, सालीचा पातळ पापुद्रा कुठे सुटलेला तर कुठे मातीने चिकटलेला असतो, आणि रोज किसूनही हे सगळे कधी नजरेस आलेले नसते. कडेवर नजर सरकवत जावे, फुगवटा आत वळेल तिथे रेघही आत वळवावी, घाई होत आहे असे वाटताच वेग निम्मा करावा, आणि नजर सुरुवातीच्या बिंदूपाशी परत आल्यावरच कागद पाहावा. कागदावर बहुधा जे उमटलेले असते त्यात रेघेची दोन टोके जुळलेली नसतात, एक फुगवटा भलतीकडेच गेलेला असतो आणि सगळ्या प्रकाराचे आल्यापेक्षा एखाद्या बेटाच्या नकाशाशीच जास्त साम्य असते. सराव बरोबर झाल्याची ती खूण आहे. चित्र चांगले येण्याची शक्यताच मुळात काढून टाकलेली असल्याने त्याच्या चांगल्या-वाईटाची धास्तीही जाते. आणि कडेचा माग ठेवण्यात लक्ष इतके गुंतते की महिन्याच्या हिशेबाला किंवा सकाळच्या वादाला तेवढा वेळ मनात जागा मिळत नाही.

नेदरलँड्समध्ये जन्मलेले दंतशल्यचिकित्सक आणि चित्रकार फ्रेडरिक फ्रँक यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात पाहणे आणि रेखाटणे या दोन क्रिया एकच मानून त्यांना झेन साधनेशी जोडले. बेटी एडवर्ड्स यांचे १९७९ चे पुस्तक त्याहून कितीतरी अधिक खपले. चित्र उलटे धरून त्याची नक्कल करण्याचा त्यातील सराव आजही उत्तम आहे, मात्र मेंदूचा उजवा भाग सर्जनशील आणि डावा तर्कप्रधान या ज्या विभागणीवर त्यांनी त्याचे स्पष्टीकरण बेतले, ती आज मेंदूविज्ञानाला इतक्या सरळसोट रूपात मान्य नाही. सराव घ्यावा, उपपत्ती सोडावी.

मूल जागे असेल आणि कुशीतून हलायला तयार नसेल, तर त्यालाच सोबत घेणारा एक खेळ आहे. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट आपल्या छोट्या रुग्णांशी तो खेळत असत: एकाने डोळे मिटून कागदावर वेडीवाकडी रेघ ओढायची, दुसऱ्याने त्या रेघेतून काही तरी घडवायचे, मग पाळी बदलायची. एका रेघोटीचा हत्ती होतो, दुसरीची चप्पल. विनिकॉट यांना हा खेळ मुलाच्या मनात डोकावण्यासाठी हवा होता, पण घरात त्याला निदानाचे साधन करू नये. मुलाने काळा रंग का घेतला याचा अर्थ लावत बसलेली आई खेळत नसते, काम करत असते. परिपूर्ण आईची मुलाला गरज नसते, पुरेशी चांगली आई त्याला पुरते, ही मांडणीही विनिकॉट यांचीच आहे. अर्थात, मुलासोबतचा खेळ आनंदाचा असला तरी तो मुलाच्या वाट्याचा वेळ आहे. आईच्या स्वतःच्या वेळेच्या हिशेबात तो धरणे म्हणजे तिची फसवणूक होय.

साधनांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मुलाच्या संपलेल्या वहीतील पाठकोरी पाने, दोन-बी पेन्सिल किंवा न अडखळणारे बॉलपेन एवढे पुरते. महागडे रंग आणि जाड कागद आणले की ते वाया जाऊ नयेत ही चिंताही घरात येते. खोडरबर मात्र आणू नये. वही ओट्याजवळ किंवा पलंगाच्या उशाशी, हात पोहोचेल तिथे असावी, कारण कपाटातून काढावी लागणारी वही पाच मिनिटांच्या फटीत उघडली जात नाही.

काढलेले चित्र भ्रमणध्वनीवरून लगेच सर्वांना पाठवण्याचा मोह आवरणे मात्र खरोखर आवश्यक आहे, आणि त्यामागे संकोचाहून ठोस कारण आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी केलेल्या आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आपणहून चित्रे काढणाऱ्या काही मुलांना ‘चित्र काढलेस तर बक्षीस मिळेल’ असे आधी सांगण्यात आले. त्यांनी चित्र काढले, त्यांना बक्षीसही मिळाले. पण पुढे मोकळ्या वेळेत, कोणी काही देणार नसताना, त्यांनी चित्रांना दिलेला वेळ इतर मुलांच्या मानाने सुमारे निम्मा भरला. ज्यांना अनपेक्षितपणे बक्षीस मिळाले त्यांच्यात अशी घट दिसली नाही. स्वतःच्या आवडीने होणारी गोष्ट बक्षिसाच्या अपेक्षेने केली जाऊ लागली की तिची मूळ ओढ कमी होऊ शकते, हा मानसशास्त्रातील एक गाजलेला निष्कर्ष आहे. पसंतीच्या अंगठ्यांची वाट पाहणे हे प्रौढांचे तसेच बक्षीस आहे, आणि अंगठे अपेक्षेपेक्षा कमी आले तर वहीच बंद पडते.

या उपायाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. रेखाटन रोजच्या ताणाला उतार देते, आजाराला नव्हे. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेक स्त्रियांना अनुभवास येते आणि ते आपोआप ओसरते. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळ झोपलेले असूनही झोप येत नसेल, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले असेल किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते आणि त्याला डॉक्टरांचे उपचार लागतात. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि अहोरात्र चालते.

शिवाय, वहीमुळे २९९ मिनिटांची २९८ देखील होत नाहीत. कामाची वाटणी तशीच ठेवून बाईच्या हाती पेन्सिल देणे आणि तिने आता शांत राहावे अशी अपेक्षा करणे, हा स्व-काळजीच्या कल्पनेचा सर्रास होणारा गैरवापर आहे. म्हणून हे प्रकरण जेवढे आईसाठी आहे तेवढेच घरातल्या इतरांसाठीही आहे: दिवसातून पंधरा मिनिटे मूल त्यांनी सांभाळावे, दाराची घंटा आणि फोन त्यांनी पाहावा, दूध उतू जाणार नाही याची जबाबदारी त्यांनी घ्यावी, आणि ती वही मिटून उठल्यावर ‘बघू, काय काढलंस?’ असे कृपया विचारू नये.